न पेटलेल्या टेस्टरची साक्ष

एखादी गोष्ट आपल्याला आढळली नाही, एवढ्यावरून ती अस्तित्वातच नाही असे मानण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो? मदरशात मंतिक, म्हणजे तर्कशास्त्र, शिकताना उस्ताद आम्हाला वारंवार बजावत असत की 'न आढळणे' आणि 'नसणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्ञानाचा अभाव वेगळा आणि अभावाचे ज्ञान वेगळे. आम्ही ते पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि गुण मिळवले. त्याचा खरा अर्थ मात्र मला बऱ्याच वर्षांनी, एका दुपारी, मस्जिदीच्या वुजूखान्यात कळला. आणि तो कळण्याची किंमत मला नव्हे, एका तरुणाला मोजावी लागली.

शाबान महिन्याचा शेवटचा आठवडा होता. रमजानच्या तयारीची लगबग चालू होती. वुजूखान्यावर पत्र्याचे छप्पर आहे. त्याखालच्या एका दिव्याचा होल्डर जळून गेला होता. मोहल्ल्यातील एक तरुण घरोघरी पंखे-दिवे दुरुस्त करून आपला संसार चालवतो. तो सवाबच्या इच्छेने, एक पैसाही न घेता, हे काम करायला आला. त्याने भिंतीवरचे बटण बंद केले, लाकडी स्टूल ओढले आणि चढण्यापूर्वी मला विचारले, "मौलाना, मेन बंद करू का?"

आत चार-पाच वृद्ध नमाजी पंख्याखाली बसून तिलावत करीत होते. असरच्या जमातीला वीस मिनिटे उरली होती. मी म्हणालो, "बटण बंद केलंस ना? मग पंखे कशाला बंद करतोस?"

तो स्टुलावर चढला. खिशातला टेस्टर काढून त्याने होल्डरच्या दोन्ही टोकांना लावून पाहिला. टेस्टर पेटलेला दिसला नाही. "लाइन नाही," असे म्हणून त्याने तार उघडी केली आणि तोल सावरण्यासाठी दुसऱ्या हाताने छपराचा लोखंडी अँगल धरला. पुढचे दोन-तीन क्षण मी विसरू शकत नाही. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता आणि हात सुटत नव्हता. स्टूल कलंडले, तो खाली कोसळला, आणि कोसळला म्हणूनच वाचला. उजवा हात मोडला, डाव्या हाताची दोन बोटे भाजली.

लोक धावले, त्याला दवाखान्यात नेले. इशाच्या नमाजनंतर सर्वांनी अल्लाहचे आभार मानले, सदका काढला. ते योग्यच होते. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "त्याची वेळ आली नव्हती." मी मान डोलावली, पण घरी जाताना एक विचार मनात रुतून बसला. तो तरुण दगावला असता, तर हेच गृहस्थ "वेळ आली होती" असे म्हणाले असते, आणि मीही अशीच मान डोलावली असती. दोन्ही प्रसंगी माझे ते वाक्य, 'पंखे कशाला बंद करतोस?', कोणाच्याही लक्षात आले नसते. कदाचित माझ्याही नाही.

दोन साक्षीदार, दोन्ही निरुपयोगी

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीत राहणारे एक निवृत्त वीजतंत्री आले. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, मग होल्डर उघडला आणि शांतपणे सांगितले की हे बटण न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले आहे. स्विच नेहमी फेजच्या तारेवर असावा, हा वायरिंगचा पहिला नियम. तो चुकून न्यूट्रलवर बसवला, तरी दिवा लागतो आणि विझतो. वापरणाऱ्याला काहीच वेगळे जाणवत नाही. फरक इतकाच की दिवा विझल्यानंतरही वीज होल्डरपर्यंत येऊन उभी असते. अंधार झाला म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि ती अंधारात वाट पाहत असते.

मग मी विचारले, "पण टेस्टर? तो बिघडलेला होता का?"

काकांनी तोच टेस्टर आतल्या सॉकेटला लावला. तो पेटला. "मौलाना, टेस्टर बिघडलेला नाही. तो पोरगा उन्हात काजवा शोधत होता," ते म्हणाले.

त्यांनी जे समजावून दिले, ते थोडक्यात असे. आपल्या घरोघरी जो स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर असतो, त्याच्या पोटात एक मोठा रोध आणि निऑन वायूचा एक इवलासा दिवा असतो. टेस्टरचे टोक फेजला लागले की वीज त्या रोधातून, त्या दिव्यातून, मागच्या टोपीवर टेकवलेल्या आपल्या बोटातून आणि आपल्या शरीरातून जमिनीकडे जाते. रोध मोठा असल्यामुळे हा प्रवाह एक मिलिअँपिअरहूनही कमी असतो; आपल्याला तो जाणवत नाही. याचा अर्थ असा की टेस्टरची साक्ष ही एकट्या टेस्टरची साक्ष नाही. ज्याच्या हातात तो आहे त्याचे शरीर, त्याच्या पायातली चप्पल, पायाखालची फरशी किंवा लाकूड, हे सगळेच त्या साक्षीत सामील असतात. माणूस रबरी चप्पल घालून कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असेल, तर जमिनीकडे जाणारी वाट जवळजवळ तुटते आणि निऑनचा उजेड अगदी क्षीण होतो. त्यात दुपारचे ऊन डोळ्यांवर येत असेल, तर तो क्षीण उजेड दिसतच नाही. वीज मात्र पूर्ण २३० व्होल्टची असते. दुसरा हात लोखंडाला लागला की तुटलेली वाट क्षणात पूर्ण होते. आणि या वेळी मध्ये रोध नसतो, माणसाची छाती असते.

साठ वॅटचा एक साधा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. माणसाचा जीव वाचावा म्हणून घरात बसवले जाणारे आरसीसीबी हे उपकरण ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडते. म्हणजे एक बल्ब पेटवायला जेवढी वीज लागते, तिच्या आठव्या-नवव्या हिश्शालाही जाणकार धोका मानतात. आपल्या देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने प्राण गमावतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. यांत घरदुरुस्ती करणारे, शेतात पंप चालवणारे, मंडप घालणारे असे साधे कष्टकरीही असतात.

रावीची पारख

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला माझा हदीसचा वर्ग आठवला.

पवित्र कुरआनने सूरह अल-हुजुरातमध्ये (४९:६) श्रद्धावंतांना आज्ञा दिली आहे की अविश्वसनीय माणसाने बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करा; अन्यथा अजाणतेपणी कोणाला तरी इजा पोहोचवाल आणि मग पश्चात्ताप करीत बसाल. या आज्ञेवर आमच्या विद्वानांनी एक संपूर्ण शास्त्र उभारले. हदीस सांगणाऱ्या प्रत्येक रावीच्या बाबतीत त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न अदालतीचा: हा मनुष्य सच्चा आहे का? दुसरा जब्तचा: ऐकलेले तो जसेच्या तसे जपू आणि सांगू शकतो का? कितीतरी रावी असे होते की ज्यांच्या प्रामाणिकपणावर, परहेजगारीवर कोणी बोट ठेवू शकत नव्हते. तरीही स्मरणशक्ती कच्ची म्हणून त्यांचे कथन स्वीकारले गेले नाही. सच्चेपणा आणि विश्वसनीयता या एक गोष्ट नाहीत. निर्जीव टेस्टर खोटे बोलत नाही. पण त्याचा जब्त कच्चा असू शकतो.

रावीची पारख कशी होत असे? जे आधीच निश्चितपणे ठाऊक आहे, ते त्याला विचारून. इमाम बुखारी (रह.) बगदादला आले तेव्हाची कथा प्रसिद्ध आहे. तेथील विद्वानांनी शंभर हदीस घेतल्या, त्यांच्या सनदी एकमेकींत मिसळल्या आणि दहा जणांनी प्रत्येकी दहा अशा त्या इमामसाहेबांपुढे मांडल्या. इमामसाहेबांनी प्रत्येक चुकीची सनद नाकारली आणि मग शंभरच्या शंभर हदीस आपापल्या सनदीसह जागेवर लावून दाखवल्या. परीक्षकांना उत्तरे माहीत होती, म्हणूनच ती परीक्षा होती. अज्ञात गोष्टीबद्दल साक्ष घेण्यापूर्वी ज्ञात गोष्टीवर साक्षीदार तपासावा, हे त्यामागचे तत्त्व.

आणि ही पारख एकदाच करून भागत नसे. काही रावी उमेदीच्या काळात पक्के असत. वार्धक्यात त्यांच्या स्मृतीत गोंधळ होई. याला इख्तिलात म्हणतात. कुफ्याचे अता बिन साइब हे त्याचे ठळक उदाहरण. शुअबा आणि सुफियान सौरी यांनी त्यांच्याकडून आधीच्या काळात ऐकलेल्या हदीस ग्राह्य मानल्या गेल्या. ज्यांनी नंतर ऐकल्या, त्यांच्याबाबत सावधगिरी बाळगली गेली. काल खरे सांगणारा आज चुकू शकतो, हे त्या थोर लोकांनी ओळखले होते.

मी हे काकांना सांगितले, तेव्हा ते थोडे हसले. म्हणाले, "आमच्याकडे हेच शिकवतात. आधी टेस्टर चालू लाइनवर लावून बघायचा. मग ज्या तारेला हात लावायचा तिच्यावर. मग पुन्हा चालू लाइनवर. मधल्या वेळात टेस्टर मेला असेल, तर शेवटच्या तपासणीत कळतं."

हाताला इजा झालेल्या त्या तरुणाला या तीन पायऱ्यांपैकी फक्त मधली ठाऊक होती. आपल्यापैकी बहुतेकांना तेवढीच ठाऊक असते. शिवाय आपल्या प्रसंगात नुसता सॉकेटवर टेस्टर तपासूनही भागले नसते. कारण फरशीवर, सावलीत उभे राहून घेतलेली परीक्षा वेगळी आणि उन्हात, स्टुलावर उभे राहून घेतलेली साक्ष वेगळी. जो साक्षीदार परिस्थितीप्रमाणे बदलतो, त्याच्या एकट्याच्या शब्दावर जीव टांगता येत नाही. म्हणून जाणकार मंडळी दोन टोके असलेला टेस्टर वापरतात. तो आपल्या शरीरावर विसंबत नाही, दोन बिंदूंमधला व्होल्टेज थेट दाखवतो. तोही प्रत्येक तार न्यूट्रलशी आणि अर्थशी, अशा दोन्ही प्रकारे लावून पाहावा लागतो. बटण न्यूट्रलवर असेल, तर होल्डरच्या दोन टोकांमध्ये तो काहीच दाखवणार नाही; अर्थशी लावला की फेज उघडा पडेल. तारेला न लावता नुसता जवळ नेऊन वाजणारा टेस्टरही बाजारात आहे. त्याची बॅटरी संपली की तोही गप्पच असतो.

याच्या उलटही घडते. लांबवर शेजारून जाणाऱ्या चालू तारेमुळे बंद तारेतही हलका व्होल्टेज उमटतो आणि टेस्टर मंद पेटतो. कारागीर त्याला 'फसवा करंट' म्हणून सोडून देऊ लागतो, आणि एक दिवस खऱ्या करंटलाही फसवा समजतो. निरुपयोगी साक्षीदाराचे हे दुहेरी नुकसान आहे: तो गप्प राहून फसवतो, आणि बोलून बोलून खऱ्यावरचा विश्वास उडवतो.

वुजू आणि शिकार

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. इस्लामने वसवसा, म्हणजे शंकेखोरपणा, निंद्य ठरवला आहे. वुजू मोडला की काय अशी नुसती शंका आली, तर आवाज किंवा दुर्गंध यांसारखी निश्चित खूण मिळेपर्यंत नमाज सोडू नये, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले. फिकहचा मूलभूत नियमच आहे की निश्चित गोष्ट शंकेने नाहीशी होत नाही. मग बटण बंद केले, टेस्टर लावला, तरी आणखी तपासत बसणे हा वसवसा नव्हे काय?

हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला, आणि उत्तर त्याच नियमात सापडले. नियम असे सांगत नाही की शंका सोडून द्या. नियम असे सांगतो की आधी जे निश्चित होते, ते शंकेपुढे टिकून राहते. वुजूच्या बाबतीत निश्चित काय होते? वुजू होता. म्हणून शंका आली तरी वुजू आहे. तारेच्या बाबतीत निश्चित काय होते? वीज होती. कालपर्यंत तोच दिवा जळत होता. म्हणून शंका आली तर वीज आहे, असेच धरावे लागेल. नियम एकच, आरंभबिंदू वेगळा, म्हणून निष्कर्ष उलटा.

याचे शरीअतमधील अचूक उदाहरण शिकारीचे आहे. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सांगितले की बाण लागलेली शिकार पाण्यात पडलेली आढळली तर ती खाऊ नये, कारण ती बाणाने मेली की पाण्याने, हे ठाऊक नाही. मांसाच्या बाबतीत मूळ स्थिती निषेधाची आहे. योग्य रीतीने जीव गेला याची खात्री होईपर्यंत तो निषेध उठत नाही. तेथे शंका माणसाच्या बाजूने झुकत नाही. विजेची तार ही वुजूसारखी नाही, त्या शिकारीसारखी आहे. ती बंद असल्याची खात्री होत नाही तोपर्यंत ती चालूच आहे. अशा ठिकाणी पुन्हा तपासणे हा वसवसा नव्हे, हा फिकह आहे. उलट, न पेटलेल्या टेस्टरवरून 'लाइन नाही' असे ठरवणे म्हणजे ज्ञानाच्या अभावाला अभावाचे ज्ञान समजणे. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३६) ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागण्यास मनाई केली आहे आणि कान, डोळे व हृदय यांचा जाब घेतला जाईल असे बजावले आहे. उन्हात न दिसलेल्या उजेडाबद्दल डोळ्यांना काय विचारले जाईल, याचा विचार आपण करावा.

कठडा नसलेले छत

"वीस वर्षे असेच काम करतोय, काही झालं नाही." हे वाक्य मी त्या घटनेनंतर किती जणांकडून ऐकले, याची गणती नाही. यात एक जुनी नैतिक चूक दडलेली आहे: कृतीचे मोल तिच्या परिणामावरून ठरवणे. काही झाले नाही, म्हणजे कृती योग्य होती. काही झाले, तर नशीब.

प्रेषितांच्या (स.) एका हदीसचा आशय असा आहे की कठडा नसलेल्या छतावर जो झोपतो, त्याच्या रक्षणाची हमी त्याच्यावरून उठते. या हदीसवर थांबून विचार करावा. ती पडणाऱ्याबद्दल नाही, झोपणाऱ्याबद्दल आहे. तो माणूस पडला की सकाळी सुखरूप उठला, हे तिने विचारलेच नाही. दोष पडण्यात नाही, त्या ठिकाणी झोपण्यात आहे. ज्या रात्री तो पडला नाही, त्या रात्रीही तो तितकाच दोषी होता. आमच्या मोहल्ल्यातील तो तरुण वाचला. पण त्यामुळे आमची त्या दुपारची कृती तसूभरही योग्य ठरत नाही. आणि ज्या शंभर दुपारी असेच काम करूनही कोणाला काही झाले नाही, त्या सर्व दुपारी आपण कठडा नसलेल्या छतावर झोपलो होतो.

तकदीरवर ईमान हा आपल्या श्रद्धेचा स्तंभ आहे. पण तकदीर हे आपल्या हलगर्जीपणावर टाकण्याचे पांघरूण नव्हे. प्रेषितांनी (स.) उंटाच्या मालकाला आधी उंट बांधण्यास आणि मग तवक्कुल करण्यास सांगितले. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवरून प्लेगची वार्ता ऐकून मागे फिरले, तेव्हा तकदीरपासून पळता काय असे त्यांना विचारले गेले, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मेन स्विचही अल्लाहच्या तकदीरमध्येच आहे. तो खाली ओढण्याची शक्ती त्यानेच दिली. ती न वापरता तवक्कुलचा दावा करणे ही अल्लाहच्या नावाशी केलेली बेअदबी आहे.

धर्माचे हे लक्ष लहानसहान गोष्टींवरही आहे. रात्री झोपताना दिवे विझवा, उंदीर वात ओढून घराला आग लावील, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. बाण घेऊन मस्जिदीतून जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरावीत, कोणाला लागू नयेत, अशीही आहे. ज्या धर्माने वातीची आणि बाणाच्या टोकाची काळजी केली, त्याच्या मस्जिदीत उघड्या जोडाच्या तारा लोंबत असाव्यात, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

जाब कोणाला?

अपघात झाला की बोट कारागिराकडे जाते. त्याचा दोष होताच. ज्याला वैद्यकी येत नाही असा मनुष्य उपचार करू लागला आणि नुकसान झाले, तर तो भरपाईस जबाबदार आहे, असा हदीसचा दंडक आहे. फुकहांनी तो कारागिरीच्या इतर क्षेत्रांतही लक्षात घेण्याजोगा मानावा, असे मला वाटते. वीजतंत्री आणि तारतंत्री हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधले दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. आमच्या मुलांनी ते करावेत. पाहून-पाहून शिकलेल्या हाताला शास्त्राची जोड मिळावी.

पण त्या तरुणाने एक योग्य प्रश्न विचारला होता. "मेन बंद करू का?" हा प्रश्न त्याच्या ज्ञानाचा होता. उत्तर माझ्या अज्ञानाचे होते.

हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. प्रवासात एका सोबत्याच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर गुस्ल वाजिब झाले. मला तयम्मुमची सवलत आहे का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने गुस्ल केले आणि तो मरण पावला. हे कळल्यावर प्रेषित (स.) अत्यंत संतापले, त्यांनी त्याला मारून टाकले, ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावर इलाज विचारण्याचाच आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ही हदीस मी नेहमी फतव्याच्या जबाबदारीबद्दल सांगत असे. ती मला उद्देशून आहे, असे कधी वाटले नव्हते. मी तर फतवा देताना दहा पुस्तके पाहतो! आणि त्या दुपारी, ज्या विषयातले मला अक्षरही कळत नाही, त्यात मी एका वाक्यात निर्णय देऊन टाकला. तो तरुण माझ्या शब्दावर स्टुलावर चढला. कारण मी इमाम होतो. विजेने मात्र माझ्या पदाचा मान राखला नाही.

ही जबाबदारी माझ्यापुरती थांबत नाही. फुकटात होते म्हणून अप्रशिक्षित हाताकडून काम करून घेणारी मस्जिद कमिटी, फ्रीज बंद पडेल म्हणून मेन बंद करू न देणारा दुकानदार, मालिका चुकेल म्हणून कुरकुर करणारे घर, 'दहा मिनिटांत आटप' म्हणणारा गिऱ्हाईक, हे सगळे त्या स्टुलाचा एकेक पाय धरून उभे असतात. स्वतः इजा सोसू नये व दुसऱ्याला करू नये, या शिकवणुकीत घाई लावण्याची इजाही येते. रोजंदारीवर जगणारा माणूस 'नाही' म्हणू शकत नाही. म्हणून ज्याच्या हाती काम देणे आहे, त्यानेच 'आधी बंद कर, मग हात लाव' असे म्हटले पाहिजे. हा त्याचा कारागिरावर उपकार नाही, ही त्याच्यावरची अमानत आहे.

आमच्या मस्जिदीत आता एक शिस्त पाळली जाते, ती वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. विजेचे काम परवानाधारक माणसाकडूनच होते. काम सुरू होण्यापूर्वी मेन स्विच बंद होतो, फ्यूज काढून काम करणाऱ्याच्या खिशात जातो, म्हणजे कोणी चुकून चालू करू शकत नाही. इन्व्हर्टरही वेगळा बंद केला जातो. बाहेरची वीज तोडली तरी तो आतून तारांत वीज सोडत राहतो, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. मग टेस्टर चालू लाइनवर, कामाच्या तारेवर आणि पुन्हा चालू लाइनवर, अशी तिहेरी तपासणी होते. आरसीसीबी बसवला आहे, आणि वुजूखान्यातील सर्व बटणे फेजवर घेतली आहेत. या सगळ्याला जो वेळ लागतो, तेवढा वेळ पंखे बंद राहतात. पहिल्यांदा एक-दोघांनी तक्रार केली. मी त्यांना सांगितले की घामाचे थेंब पुसता येतात.

तो तरुण बरा झाला. हात पूर्वीसारखा वर जात नाही, पण तो काम करतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेण्याचे त्याने मनावर घेतले आहे. मी त्याची माफी मागायला गेलो, तेव्हा तो संकोचला आणि म्हणाला, "मौलाना, तुमची काय चूक? टेस्टरच पेटला नाही." त्याने मोठ्या मनाने मला माफ केले; पण त्याच्या त्या वाक्यात अजूनही तीच गफलत होती. टेस्टर पेटला नाही हे खरे. पण टेस्टरला जाब द्यायचा नाही. जाब मला द्यायचा आहे.

अल्लाह तआला आम्हाला ज्याचे ज्ञान नाही त्यात बोलण्यापासून वाचवो, विचारण्याची नम्रता देवो, आमच्या हातून कोणाच्या जिवाला इजा न होवो, आणि आमच्या कष्टकरी बांधवांना आपल्या संरक्षणात ठेवो. आमीन.